रेनकोटबरोबर दिवाही द्या, पण पारखून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलवाडीत राहतो आणि गेली २६ वर्षे सांगलीत पेपर टाकतो. पावसाळ्याआधी आम्हा विक्रेत्यांना रेनकोट मिळतात, त्याचा मोठा आधार होतो. यंदा त्याबरोबर सायकलला पुढे लावायचा चार्जिंगचा दिवाही द्यावा, अशी माझी वृत्तपत्रांना आणि एजंटांना विनंती आहे. मात्र दिवा बघून घ्या. खोक्यावरच्या आकड्याला भुलून मी एकदा जिवावरचे संकट ओढवून घेतले आहे.

दोन वर्षांपूर्वी उसाचा हंगाम ऐन भरात होता. मी नवा दिवा घेतला होता. खोक्यावर २४०० लुमेन, म्हणजे उजेडाचे माप, आणि सहा तास असे छापलेले. रात्रभर चार्ज केला. चारला घर सोडले, गठ्ठे उचलले, पुरवण्या भरल्या आणि माधवनगर रस्त्याच्या लाइनला लागलो. सगळा मिळून अर्धा तासही दिवा जळला नसेल, तोच गपकन विझला. समोर पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक दाबून हँडल वळवले तरी बाहेर आलेल्या उसाची टोके खांद्याला घासून गेली.

घरी आल्यावर मुलीने तो दिवा उघडला. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आत बोटाएवढा एकच सेल होता आणि त्यावर ९९०० एमएएच, म्हणजे सेल किती चार्ज धरतो त्याचे माप, छापलेले. त्या मापाचा चांगल्यातला चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या पुढे जात नाही, असे ती म्हणाली. मग तिने वहीवर हिशेब करून दाखवला. सेल ३.७ व्होल्टचा आणि २५०० चा धरला तर त्यात सव्वानऊ वॅट-तास वीज मावते. एका वॅटला ढोबळमानाने १०० लुमेन पडतात. म्हणजे २४०० लुमेन खरेच दिले तर २४ वॅट लागणार आणि सेल पंचवीस मिनिटांतच संपणार. सहा तास आणि २४०० लुमेन या दोन्ही गोष्टी त्या एका सेलमध्ये मावूच शकत नाहीत. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या कुणालाही करता येतो. आम्हाला ३०० ते ४०० लुमेन पुष्कळ झाले, पण ते दोन तास टिकले पाहिजेत. आणि चार्ज संपत आला की दिव्याने लाल खूण दाखवून मंद व्हावे, एकदम विझू नये.

दुसरी गोष्ट मला एका दूधवाल्यामुळे कळली. थंडीत कृष्णेवरचे धुके आयर्विन पुलावर चढते. समोरून तो मोटरसायकलवर आला आणि थांबून म्हणाला, "अण्णा, दिवा डोळ्यात मारू नका, काही दिसत नाही." माझा दुसरा दिवा हातातल्या टॉर्चसारखा गोल झोत टाकणारा होता. अर्धा उजेड वर हवेत जायचा आणि धुक्यात मलाही नुसती पांढरी भिंत दिसायची. डिपरसारखा वरून कापलेला झोत असेल तर सगळा उजेड रस्त्यावर पडतो. जर्मनीत तर सायकलच्या पुढच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असा नियमच आहे; पुढे लुकलुकणारा दिवाही तिथे चालत नाही. ते बरोबरच आहे, कारण लुकलुकत्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. पारख सोपी आहे. भिंतीपासून दहा पावलांवर सायकल धरायची, दिव्याच्या उंचीला भिंतीवर खडूची रेघ मारायची. लख्ख उजेड रेघेच्या खालीच पडला पाहिजे.

आमची एक अडचण दुकानदारांच्या लक्षात येत नाही. हँडलला पेपरची पिशवी असते, त्यामुळे हँडलवरचा दिवा झाकला जातो. मी तो खाली चिमट्याला, मडगार्डच्या वर बसवला. याचा एक फायदा आधी ठाऊक नव्हता: खालून तिरका उजेड पडला की खड्ड्याची सावली लांब होते आणि खड्डा आधीच दिसतो. म्हणून दिव्याचा पट्टा रबरी हवा, कुठेही बांधता येतो. जिन्यावर जाताना दिवा काढून हातातही घेता येतो.

पूर्वी डायनामो होता. तो भरवशाचा, पण सायकल थांबली की अंधार, आणि आम्ही तर दर दाराला थांबतो. पावसात टायरवर घसरायचा तो वेगळाच. चार्जिंगच्या दिव्याला पावसात एकच जपायचे, ते म्हणजे चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच. ते सैल असेल तर दिवा घेऊच नका. माझ्या एका सोबत्याने ओल्या दिव्यालाच पिन लावली. आठवड्यात आत हिरवा गंज चढला. आधी फडक्याने पुसून, वाळवून मगच चार्ज करावा. आणि पिन टाइप-सी असावी, म्हणजे मोबाइलचाच चार्जर चालतो.

आपण दिवे घेणार असाल तर एकदम शंभर घेण्याआधी दोन नमुने आणा. एक मला द्या, एक माझ्याहून लांबची लाइन असणाऱ्याला. आठ दिवस आम्ही ते पहाटे चालवतो आणि कसे चालले ते येऊन सांगतो.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता, सांगलवाडी