कृषिमंत्र्यांना खुले पत्र: पुड्यातली बुरशी जिवंत आहे का, हे आम्हाला कळू द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. गेल्या रब्बीत रोपांची मुळं मायकोरायझाच्या, म्हणजे मुळांत राहून पिकाला अन्न आणून देणाऱ्या बुरशीच्या, पावडरीत बुडवून लागण केली. दोन महिने झाले तरी फरक दिसेना. शेवटी काही रोपं उपटून एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे नेली. त्यांनी मुळं धुऊन, उकळून, शाई-व्हिनेगरमध्ये रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. माझ्या कांद्याची मुळं कोरी. बांधाकडेच्या ज्वारीच्या मुळात मात्र बुरशीचे निळे तंतू गच्च, पेशीपेशीत इवलं झाड उगवल्यासारखी नक्षी. पुड्याचे पैसे तर गेलेच, हंगामही गेला.

कांद्याला या बुरशीची गरज इतरांहून जास्त. त्याची मुळं आखूड, केसमुळं नावालाच. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) जागीच अडकतं. मूळ जिथे पोचत नाही तिथून हे तंतू ते ओढून आणतात, जस्तही आणतात. मोबदल्यात पानांनी केलेल्या साखरेतला ४ ते २० टक्के वाटा घेतात. ऐकताना हा तोटा वाटतो. पण साखर पानात तुंबली की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. ती उचलणारं कोणी खाली असलं की पान जोमानं काम करतं, आणि साखर हरितद्रव्याच्या कणांतून बाहेर पडायलाही स्फुरदच लागतं. पाण्याचा ताण पडला तरी अशा पिकाची पर्णरंध्रं लवकर मिटत नाहीत.

मात्र जमिनीत स्फुरद भरपूर असलं की पीक या बुरशीला थारा देत नाही. आणि आम्ही डीएपी या स्फुरदाच्या खताची गोणी सवयीनं टाकत राहतो! कोबी-फ्लॉवरच्या मुळांत तर ती वाढतच नाही. कोबीमागून कांदा घेणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

साहेब, मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक आहेत, जमिनीतल्या जिवांचा एकही नाही. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाचे निकष आहेत, पण विकत घेतलेला पुडा तपासायची सोय आमच्या तालुक्यात नाही. दुकानांतले नमुने घ्या, मक्याच्या रोपांना लावून त्यांच्या मुळांत बुरशी शिरते का बघा, निकाल फलकावर लावा. पत्रिकेत स्फुरद जास्त आलं तर डीएपी किती कमी करायचं तेही तिथेच लिहा. मुळं तपासायला सूक्ष्मदर्शक, शेगडी, शाई आणि शिकवलेला एक माणूस पुरतो.

रब्बी कांद्याची लागण डिसेंबरात सुरू होईल. त्याआधी निदान एका तालुक्यात ही तपासणी सुरू करा. मुळांचे पहिले नमुने मी स्वतः आणून देईन.

आपला,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक