लँडलाइन ही अडगळ नव्हे

महोदय,

घरातील आणि कचेरीतील कालबाह्य वस्तूंविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. जाड पाठीचा टीव्ही, फॅक्स यंत्र आणि लँडलाइन या तिन्ही वस्तू लेखिकेने एकाच माळ्यावर टाकल्या आहेत, याला माझा आक्षेप आहे. बंद पडलेला टीव्ही सांभाळण्यात काहीच हशील नाही. त्याच्या काचेत शिसे असते, तेव्हा तो ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात देऊन मोकळे व्हावे. परंतु वायरचा फोन ज्येष्ठ नागरिक केवळ सवयीपोटी ठेवतात, हे विधान मला मान्य नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, हे वाचकांना आठवत असेल. ते करोनाचे दिवस होते आणि मुलुंडला आमच्या शेजारचे काका घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. यंत्र बंद पडताच सिलिंडर मागवणे भाग होते; पण त्यांचा कॉर्डलेस फोन विजेअभावी मुका झाला होता आणि मोबाइलवरून फोन लागत नव्हता. काकू धावत आमच्याकडे आल्या. आमच्या हॉलमधील बटणांच्या जुन्या फोनची वायर पीळ पडून वीतभर उरली आहे, त्यामुळे वाकूनच बोलावे लागते. त्याच फोनवरून सिलिंडरवाल्याशी पहिल्याच प्रयत्नात बोलणे झाले आणि काकांना वेळेत ऑक्सिजन मिळाला.

या फोनला घरातील वीज लागत नाही. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच त्याला सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा करते आणि एक्स्चेंजला स्वतःच्या बॅटऱ्यांचा आधार असतो. तांब्याच्या तारेऐवजी फायबरची (काचतंतूंची) जोडणी घेतली की घरात जी पेटी बसवतात, ती मात्र घरातील विजेवर चालते. इन्व्हर्टर किंवा बॅटरी नसेल तर वीज जाताच इंटरनेट आणि फोन दोन्ही एकदम बंद पडतात. लेखात याचा उल्लेखही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमची लाइन बंद पडली, तेव्हा ‘आता तांब्याची केबल दुरुस्त होत नाही, फायबर घ्या’ असे आम्हाला दूरध्वनी कचेरीत सांगण्यात आले. तीच तक्रार लेखी देण्यासाठी मात्र कार्बन पेपर लावून दोन प्रती कराव्या लागल्या आणि पोच देणारा शिक्का जेवणाच्या सुट्टीनंतरच मिळाला. सवयीने धरून ठेवलेल्या वस्तूंवर लिहायचे असेल, तर लेखिकेने अशा कचेऱ्यांतील टेबलांवरही लिहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

तांब्याची लाइन काढायचीच असेल, तर ज्या घरात आजारी किंवा एकटे राहणारे वृद्ध आहेत, तिथे फायबरच्या पेटीसोबत किमान काही तास चालणारी बॅटरी विनामूल्य बसवून द्यावी. ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई