पार्किंगमधल्या नगरच्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चच्या लेक फॉरेस्ट कॅम्पसला शुक्रवारी पार्किंगमध्ये उभे असणारे नगरचे काका म्हटलं की ओळखणारे ओळखतील.

दादाची दारू हा विषय आम्ही चार वर्षं लपवला. ज्यांना सांगितलं त्यांनी काय केलं तर घरातलं घरात ठेवा म्हणाले, आणि ज्यांच्याकडे दर गणपतीत आम्ही राबलो त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एका काउन्सेलरने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. तीन महिने! तेव्हा आम्ही एकेक रात्र मोजत होतो.

त्या दिवशी मी त्याला कशीबशी तिथवर आणलं, पण हा गाडीतून उतरेना. हे लोक धर्म बदलायला लावतील म्हणत होता, आणि खरं सांगते, मलाही धाकधूक होती. तुम्ही काच वाजवली नाही, दार उघडलं नाही, कॉफीचे दोन कप घेऊन आलात आणि अर्ध्या उघड्या काचेतून मराठीत विचारलंत, "साखर किती घेतोस रे?"

बास, एवढंच. दोन दिवस तोंड न उघडलेला माझा भाऊ म्हणाला, "दोन चमचे." मग तुम्ही तिथेच कट्ट्यावर टेकलात, गुडघा धरत धरत, आणि पाऊण तास बसलात.

एवढं मोठं चर्च, पैसा कुठून आला, असं त्याने जरा खोचकच विचारलं. तुम्हाला राग आला नाही. 1980 च्या ईस्टरला चर्चचे संस्थापक पास्टर रिक वॉरन यांनी लगुना हिल्सच्या हायस्कूलमध्ये पहिली सभा घेतली तेव्हा 205 माणसं आली, मग कितीतरी वर्षं भाड्याच्या जागा, नंतर तंबू, स्वतःची इमारत झाली 1995 मध्ये, आणि आता सॅन क्लेमेंटे, अनाहाइमपासून मनिला, बर्लिनपर्यंत शाखा, हे सगळं सांगितलंत. पण दादाला लक्षात राहिले ते जॉन बेकर. दारूतून बाहेर आलेला माणूस, त्याने पास्टरला 13 पानांचं पत्र लिहिलं की आपल्यासारख्यांसाठी इथे जागा हवी, आणि त्यातून 1991 मध्ये सेलिब्रेट रिकव्हरी, म्हणजे व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचे हे गट, सुरू झालं. इमारती नंतरही बांधता येतात, पण असं पत्र गंभीरपणे वाचणारी माणसं असावी लागतात, त्यानेच चर्च वाढलं असं मला तरी वाटतं. तुमचं चर्च ज्या संघटनेत होतं त्या सदर्न बॅप्टिस्टांनी 2023 मध्ये, तुम्ही बाईला पास्टर केलं म्हणून, तुम्हाला बाहेर काढलं तरी तुम्ही माघार घेतली नाहीत, बाई म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटला.

दादा उतरला. पुरुषांच्या गटात गेला, मी बायकांच्या, आणि तिथे मी पहिल्यांदा मोकळी रडले. आम्ही आजही घरी गणपती बसवतो, कोणी एका शब्दाने काही बोललं नाही. चांगुलपणा असाच असतो ना, शेजारी येऊन बसतो.

परवा दादाला दारू सोडल्याचं एक वर्षाचं नाणं मिळालं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिने स्क्रीनवरच हात फिरवला. ती पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येतेय, तुमच्यासाठी कंदी पेढे घेऊन. शुक्रवारी तिला पार्किंगमध्येच आणते, तिला तो कट्टा बघायचाय.

तुमची,
दादाची धाकटी बहीण