मधपेटी उघडण्याआधी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मधमाशी वसाहतींची निरीक्षक म्हणून रुजू झालीस की खात्याची नियमपुस्तिका तुला मिळेलच. तिच्यातलं इथे परत लिहीत नाही. पेटीपुढे उभी राहशील तेव्हा हातांनी काय करायचं, तेवढंच सांगतो. आज एका मधपाळाच्या पेट्या, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या, असं सगळीकडे हात घालत फिरणारं माणूस त्या भागात तूच असशील. रोग शोधायला आलेल्या हातांनीच तो पुढे जाऊ नये, ही काळजी मला सगळ्यांत मोठी वाटते.

अमेरिकन फाउलब्रूड हा अळ्या मारणारा जिवाणूंचा रोग. त्याचे बीजाणू जुन्या पोळ्यात ३५ वर्षांहून अधिक काळ टिकतात. स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं ते मरत नाहीत. ५ लिटर पाण्यात १ किलो धुण्याचा सोडा विरघळव आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाक. या पाण्यानंही बीजाणू मरत नाहीत, पण ज्या मेणाला आणि प्रोपोलिसला, म्हणजे माश्यांनी गोळा केलेल्या डिंकाला, ते चिकटलेले असतात ते निघून जातं, आणि त्याबरोबर तेही. पेटी उघडायची पटाशी आधी खरवडायची, मग या पाण्यात घासायची. संशय आलेल्या पेटीनंतर ज्योतीवरही धरायची. लाकडी मुठीची पटाशी नको, अख्खी पोलादी घे. चामड्याचे हातमोजे धुता येत नाहीत, म्हणून नायट्राइलचे पातळ वापर आणि प्रत्येक मधपाळाकडे नवे घाल. स्मोकरचा, म्हणजे धूर द्यायच्या डब्याचा, भाता पुसायला माणसं हमखास विसरतात. मधानं माखलेल्या बोटांनी सगळ्यांत जास्त वेळा धरलेली वस्तू तीच असते.

पाऊस किंवा गार वारा असेल तर पेटी उघडू नकोस. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश, माश्या ३४-३५ अंशांवर जपतात. फुलोरा संपलेल्या दिवसांत पोळ्याची चौकट उघड्यावर ठेवलीस तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या मध लुटायला येतात आणि आजार असेल तर तोही घरी नेतात. आधी कडेची चौकट काढून बाजूला ठेव. मधलीच ओढलीस तर घासून माश्या चिरडतात, कधी राणीही. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या, पेटीत धूर अगदी बेतानं द्यायचा. त्या माश्या फार डिवचल्या तर घर सोडून जातात.

राणी शोधत बसू नकोस. ताजी अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत ती तिथे होती, एवढं पुरे. मात्र चौकट झटकायच्या आधी राणी तिच्यावर नाही ना, हे नक्की बघ. आणि झटकायला हवंच. माश्यांनी झाकलेल्या पिलाव्यात रोगट कोठी, म्हणजे पोळ्यातलं एकेक घर, दिसत नाही. राणीकोठी, म्हणजे नवी राणी वाढणारी कोठी, असलेली चौकट तेवढी झटकू नकोस, माश्या ब्रशनं हळूच सारायच्या.

आता नजरेचं. कोशाच्या कोठीवरचं निरोगी झाकण कोरडं, जरा फुगीर, बिस्किटी रंगाचं असतं. रोगट झाकण ओलसर, काळपट, खचलेलं, पुष्कळदा मध्ये वेडंवाकडं भोक पडलेलं. अशा कोठीत काडेपेटीतली काडी घाल, गोल फिरव आणि सावकाश बाहेर ओढ. दोन-तीन सेंटिमीटर तपकिरी चिकट तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूड समजून पुढचं पाऊल टाक. दुसऱ्या कोठीला नवी काडी घ्यायची, वापरलेली जळत्या स्मोकरमध्ये टाकायची. गवतात फेकायची नाही. रोग जुना असेल तर तारही निघत नाही, वाळलेली खपली राहते. ऊन पाठीवर घे आणि चौकटीची वरची पट्टी स्वतःकडे कलती धर, म्हणजे कोठ्यांची खालची भिंत उजळते. तिथे काळी खपली पसरलेली असते आणि ती सहज उकलत नाही. युरोपियन फाउलब्रूड या दुसऱ्या रोगाची खपली सुटते, शिवाय त्यातल्या अळ्या बहुतेक झाकण बसण्याआधीच मरतात, पिवळट, पीळ पडलेल्या, वितळल्यागत. थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगात अळी टोक वर करून पडलेली असते आणि चिमट्यानं उचलली की पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी येते. नुसता विरळ पिलावा दिसला म्हणून रोग लिहू नकोस. राणी म्हातारी असली तरी तसं दिसतं.

तपासणीसाठी पोळ्याचा नमुना १० बाय १० सेंटिमीटरचा, मध नसलेल्या भागातला घे, आणि कागदात गुंडाळ. प्लास्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते.

मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी माशीच्या, पेटीत व्हरोआ गोचिड डोळ्यांनी मोजायला जाऊ नकोस. पिलाव्याच्या चौकटीवरून अर्धा कप माश्या घे, त्या सुमारे ३०० भरतात. स्पिरिटमध्ये मिनिटभर हलवून जाळीतून गाळ. ९ गोचिड म्हणजे ३ टक्के. बंद कोठ्यांतले यात धरलेले नसतात, हे अहवाल लिहिताना ध्यानात असू दे.

मधपाळाला आधी विचारायचं ते हे: गेल्या वर्षभरात पेट्या कुठून घेतल्या, कुठे नेल्या, मध काढल्यावर रिकामी पोळी कोणत्या पेट्यांना परत दिली, बाहेरचा मध खाऊ घातला का, प्रतिजैविक दिलं का? हे शेवटचं नरमाईनंच विचार. प्रतिजैविकानं लक्षणं दबतात, बीजाणू तसेच राहतात, आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच लपवतो. त्याच्या देखत गुन्हेगाराची झडती घेतल्यासारखी वागलीस, तर पुढच्या वेळी तो आपणहून कळवणार नाही.

रोगट वसाहत जाळायची वेळ आलीच तर संध्याकाळी, सगळ्या माश्या घरी आल्यावर. दार बंद करून माश्या आधी मारायच्या, मग पोळी आणि चौकटी खड्ड्यात जाळायच्या. खड्डा हवाच, कारण वितळलेलं मेण आणि मध वाहून जातो आणि सकाळी दुसऱ्या माश्या तो चाटायला येतात. राख थंड झाली की मातीनं बुजव. लाकडी पेटी धडधाकट असेल तर खरवडून आतून ज्योतीनं कॉफीच्या रंगाची होईपर्यंत भाजली की परत वापरता येते. चौकटी मात्र ठेवायच्या नाहीत. त्या संध्याकाळी मधपाळाजवळ थोडी थांब. त्याचं बरंच काही त्या खड्ड्यात गेलेलं असतं.

दोन पोलादी पटाश्या, सोड्यासाठी झाकणाची बादली आणि काडेपेट्यांचा पुडा बांधून ठेवला आहे. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी घेऊन जा.

तुझा,
बाबा