खाडीच्या चिखलातले जीवही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कांदळवनातून रस्ता किंवा पूल जायचा म्हटले की बातमीत झाडांचा आकडा येतो. इतकी तिवरे तुटणार, त्याच्या कितीतरी पट दुसरीकडे लावणार. त्या तिवरांखालच्या चिखलाचा हिशेब मात्र माझ्या वाचनात कधी आला नाही.

मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवत असे. ओहोटी बघून मुलांना खाडीवर न्यायचो. तिवराच्या वर आलेल्या मुळांमधला चमचाभर गाळ वाटीत घ्यायचा, बारीक जाळीवर धुवायचा आणि उरलेले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पांढऱ्या दोऱ्यासारखे सूत्रकृमी वळवळत असत. मध्येच शेपटाशी अंड्यांची पिशवी घेऊन फिरणारी कोपेपॉडची, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म जिवाची, मादी दिसे. एका मुलीने विचारले होते, ‘सर, एवढ्यांवर आपण पाय देऊन आलो?’

एक मिलिमीटरच्या जाळीतून निसटणारे आणि ०.०६३ मिलिमीटरच्या जाळीवर अडकणारे हे प्राणी. शास्त्रात त्यांना मायोफॉना म्हणतात. आगपेटीएवढ्या जागेत ते शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. गळून कुजणाऱ्या पानावर जिवाणू वाढतात, त्या जिवाणूंना हे प्राणी खातात आणि या प्राण्यांना कोळंबीची, बोईटाची पिल्ले खातात. कोळीवाड्यातल्या जाळ्यात येणाऱ्या मासळीची सुरुवात अशी चिखलात असते.

यातले बहुतेक जीव वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतात. खाली प्राणवायू नाही, गाळ काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा. तिथे डेब्रिजचा ट्रक रिकामा झाला, बांध घालून भरती अडवली, की आधी कोपेपॉड जातात आणि चिवट सूत्रकृमी तेवढे उरतात. झाडे वरून हिरवी दिसत असतानाही हे घडू शकते.

खेकड्यांची, कालवांची पिल्ले पाण्याबरोबर तरंगत लांब जातात. मायोफॉनापैकी बहुतेकांची मात्र अंडीही गाळात आणि पिल्लेही गाळातच. भरतीने गाळ हलेल तेवढाच त्यांचा प्रवास. म्हणून दुसऱ्या तालुक्यात रोपे लावून इथली भरपाई झाली, हे मला पटत नाही.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. निदान इथे तरी परवानगीआधी गाळाचे नमुने घेऊन त्यातले जीव मोजावेत. भरपाईच्या लागवडीतही दरवर्षी तेच करावे आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. त्यासाठी लागते ती जाळी आणि सूक्ष्मदर्शक, आणि ते आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत आहेतच.

– एक निवृत्त शिक्षक, ठाणे