पहिल्या पुराचं पाणी नदीला सोडा

मा. संपादक,
स. न.

कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या धरणांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. दोन्ही मिळून जवळपास १९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, मुंबई महानगर प्रदेशासाठी. मुरबाडच्या काळू धरणाचीही पुन्हा हालचाल आहे. वनजमिनीची परवानगी नसताना काम सुरू केलं म्हणून उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवलं होतं. ही सगळी धरणं उल्हास नदीच्या खोऱ्यातली. कुठल्या पालिकेला किती टक्के पाणी, याची चर्चा रोज वाचते. खुद्द नदीला किती, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही.

मी ऐरोलीत राहते, मोरबे धरणाचं पाणी पिते. माहेर मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठी. शहराला पाणी नको, असं माझं म्हणणं नाही. पण जे पाणी अडवणार आहोत त्यातलं थोडं ठराविक वेळी खाली सोडलं नाही, तर या नद्यांतली मासळी संपेल. ती वेळ जूनची आहे.

पहिल्या मोठ्या पावसात नदीला गढूळ लोंढा आला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. शिवडा, खवल, मळ्या ओढ्यांतून, ओहोळांतून थेट भाताच्या खाचरात शिरतात आणि तिथे अंडी घालतात. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. उथळ पाण्यात पिल्लं वाढतात, पाऊस ओसरताना पाण्यासोबत नदीत उतरतात. ही संधी वर्षातून एकदाच, पहिल्या दोन-तीन पुरांची. आमचे वडील पाग (फेकायचं जाळं) खांद्यावर टाकून रात्री निघायचे, तर आजी त्यांना अडवायची. "आधी वर चढू दे मासळीला, पोटात गाभोळी आहे," म्हणायची. गाभोळी म्हणजे अंडी. वडील दर वेळी ऐकायचेच असं नाही. आणि गाभोळीची मासळी सरसकट मारण्याने वलगणीचं नुकसान होतं, हेही इथे सांगायलाच हवं. गावांनीही पहिले काही दिवस हात आवरला पाहिजे.

पण लोंढाच आला नाही तर हात आवरून काय होणार? जूनच्या सुरुवातीला धरण सर्वांत रिकामं असतं. म्हणून पहिला पूर संपूर्ण आत साठतो आणि खालची नदी मे महिन्यासारखीच पडून राहते. दरवाजे उघडतात ते जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये. तेव्हा पाणी धो धो जातं, पण विणीची वेळ टळलेली असते. वर्षाची बेरीज केली तर नदीत भरपूर पाणी सोडलं असं कागदावर दिसतं, आणि खाचरात एक पिल्लू नसतं.

समुद्रात हीच गोष्ट सरकारला कळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, विणीचा हंगाम म्हणून. इथल्या दिवा कोळीवाड्यात कोणालाही विचारा. मग त्याच आठवड्यांत आपण नदीचा लोंढा अडवतो, तो कोणत्या न्यायाने?

वाडा तालुक्यात तिळसे इथे महादेवाच्या देवळापाशी वैतरणेच्या डोहात महसीर आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. लोकांच्या श्रद्धेने ते जाळ्यापासून वाचले. पण नदीवर वरच्या बाजूला मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा अशी तीन धरणं आहेत आणि आता गारगाई, पिंजाळ या उपनद्यांवरही मुंबईसाठी धरणं ठरली आहेत. डोहात पाणीच नवं आलं नाही तर श्रद्धा तरी काय करणार?

हे नियमात बसवता येतं. गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या भागात जून ते सप्टेंबर महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या ३० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के, नोव्हेंबर ते मार्च २० टक्के पाणी नदीत ठेवायचं आहे. आकडे आपल्या नद्यांसाठी वेगळे निघतील, ते मोजून ठरवावेत. हंगामाप्रमाणे वाटा ठरवण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

आणि शहराचं यात फार जात नाही. जूनमध्ये सोडलेलं पाणी चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टपर्यंत भरून निघतं. ज्या वर्षी पाऊस ओढ देईल, त्या वर्षी सोडायचं पाणीही त्या प्रमाणात कमी करता येईल, तसा नियम आधीच लिहावा. दुसरीकडे नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर सांडपाणी उद्योगांना देता येईल इतकं शुद्ध करणारी केंद्रं उभारली आहेत. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांनाही असं पाणी दिलं, तर पिण्याजोग्या पाण्यावरचा भार हलका होईल. नदीच्या वाट्याएवढं पाणी त्यातून मोकळं व्हावं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

माझी मागणी अशी. पोशीर, शिलारच्या पाणीवाटपाच्या तक्त्यात नदीची स्वतंत्र ओळ असावी, पालिकांच्या आधी, टीएमसीमध्ये आणि महिनावार. धरणाची भिंत मासे ओलांडू शकत नाहीत, म्हणून धरणाच्या खाली नदीला मिळणारे ओढे बंधारे न घालता मोकळे ठेवावेत. आणि जलाशय रिकामा असतानाही पाणी सोडता येईल अशी पुरेशी मोठी मोरी आराखड्यातच धरावी. तळाचं पाणी थंड आणि कमी प्राणवायूचं असतं, तेव्हा ती वेगवेगळ्या उंचीवर दारं असलेली हवी. भिंत बांधून झाल्यावर हा बदल करणं फार अवघड आणि खर्चिक असतं, म्हणून निविदा निघण्याआधी जलसंपदा विभागाने याबाबत लेखी खुलासा करावा.

आपली वाचक,
ऐरोली, नवी मुंबई