शाळेत पवनचक्की बसवा, पण आधी वर्षभर वारा मोजा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या पोरीच्या शाळेत सध्या पवनचक्कीचा विषय गाजतोय. एका देणगीदारांनी पैसे द्यायची तयारी दाखवलीय, अट एवढीच की काहीतरी दिसणारं करा, मग कुणीतरी पवनचक्कीचं नाव काढलं आणि सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण सोलर पॅनल गच्चीवर पडून असतात, खालून कुणाला दिसत नाहीत आणि पवनचक्की म्हणजे पार रस्त्यावरनं दिसणार. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि पोटापाण्याला अशोक चौकाच्या बाजूला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्यामुळं कॉइल, बेअरिंग, शाफ्ट ह्यातच दिवस जातो. अजून दोनचार शाळांत पण हेच चाललंय असं कानावर आलं म्हणून लिहितोय.

माझा विरोध नाही हे आधीच सांगतो. म्हणणं एवढंच की खरेदीच्या आधी शाळेच्या आवारात एक वर्ष वारा मोजा, आणि मोजायचं काम पोरांकडं द्या.

मीटिंगला विकणारा माणूस आला होता. "१ किलोवॉटची आहे, रात्रंदिवस फिरणार, म्हणजे रोजचे २४ युनिट" असं बिनधास्त ठोकून दिलं त्यानं आणि निम्मी मीटिंग माना डोलवायला लागली. मी ब्रोशर मागून घेतलं तर खाली बारीक अक्षरात होतं की हे १ किलोवॉट ११ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला. म्हणजे ताशी जवळपास ४० किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात छत्री धरवत नाही हो माणसाला, आणि असा वारा चोवीस तास, बाराही महिने सोलापुरात कुणी बघितलाय?

बरं वारा निम्मा झाला म्हणून वीज निम्मी होते असं पण नाही. वीज वेगाच्या घनात चालते. वेग निम्मा, की वीज आठवा हिस्सा. म्हणजे ११ च्या जागी साडेपाच मीटरचा वारा आला तर १ किलोवॉटवरनं थेट सव्वाशे वॉटवर, आणि ३ मीटरला २० वॉट, म्हणजे एक एलईडी ट्यूब लागली तर लागली, त्याच्या खाली तर पातं नुसतं उभंच. आपल्याकडं जून ते ऑगस्ट वारं चांगलं असतं, माळावर तर विचारूच नका, पण दिवाळीनंतर झाडाचं पान हलत नाही तेव्हा काय करायचं?

लोक म्हणतात मिरजेला जाताना ढालगावकडं एवढ्या पवनचक्क्या दिसतात, त्या कशा चालतात मग? अहो त्या मोकळ्या पठारावर आहेत, ५० मीटरच्या पुढं उंच आहेत आणि आधी वारा मोजून जागा ठरवलेली असते. शाळेत काय असतं? तीन मजली बिल्डिंग, कडेनं लिंबाची झाडं, मागं अपार्टमेंट. ह्या सगळ्यावर आपटून वारा गुंडाळतो, भोवरे होतात, मग चक्कीचं तोंड एकदा इकडं एकदा तिकडं, वीज कमी आणि बेअरिंग मात्र लवकर जाणार. साधा नियम असा आहे की १५० मीटरच्या आत जे सगळ्यात उंच असेल त्याच्या १० मीटर तरी वर पातं पाहिजे. म्हणजे शाळेला वीसेक मीटरचा टॉवर आला. गच्चीवर बसवू म्हणणाऱ्यांना हात जोडतो, ती थरथर स्लॅबमधनं वर्गात येते आणि भोवरे तर गच्चीवरच जास्त.

आणि टॉवर म्हणलं की परवानगी आली. उंच वस्तू आणि विमान ह्याच्यावर सोलापूरकरांना काय नवीन सांगायचं, २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडताना आख्ख्या गावानं मोबाईलवर बघितलीय. ती ९० मीटरच्या आसपास होती, आपला टॉवर तिच्यापुढं काहीच नाही, तरी होटगी रोडच्या बाजूच्या शाळांनी आधी विमानतळाकडं विचारलेलं बरं, नंतर पळापळ नको.

सेफ्टीवर मीटिंगमध्ये कुणी बोललंच नाही. अडीच मीटर व्यासाची छोटी चक्की असली तरी जोराच्या वाऱ्यात पात्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्या पुढं फिरतं. वळवाच्या वादळात आपल्याकडं पत्रे उडतात, त्या टायमाला चक्की आपोआप वाऱ्यातनं बाजूला वळती का, ब्रेक लागतो का हे बघितल्याशिवाय घ्यायची नाही. टॉवरला ताण द्यायच्या स्टे वायर मैदानात कुठं उतरणार? पोरं कबड्डी-खोखो खेळताना मान वर करून पळत नाहीत. टॉवरच्या उंचीएवढी जागा चारी बाजूनं मोकळी आणि कंपाऊंड केलेली पाहिजे, अर्थिंग पाहिजे, वीज पडायचं बघितलं पाहिजे. बऱ्याच शाळांकडं मैदानच मुळात केवढुसं असतं.

एवढं सगळं असून पण मी होच म्हणतो, कारण शाळा आणि पवनचक्की हे नातं जुनं आहे. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर नावाच्या मास्तरांनी १८९१ मध्ये आस्कोव्हच्या शाळेत वाऱ्यावर वीज करणारी चक्की उभी केली. वीज साठवायची कशी हा प्रश्न तेव्हा पण होता, तर ह्या माणसानं त्या विजेवर पाण्यातनं हायड्रोजन काढला आणि त्याच्यावर शाळेत दिवे लावले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल ह्यांनी पुढं १९५७ मध्ये गेडसरला २०० किलोवॉटची तीन पात्यांची चक्की केली, आजच्या मोठ्या चक्क्या बऱ्याचशा त्याच वळणाच्या. त्याच देशात ट्विंडच्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि आलेगेले स्वयंसेवक ह्यांनी १९७५ पासून राबून ५४ मीटर व्यासाची चक्की बांधली, ती १९७८ ला सुरू झाली. कुणी देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला नव्हती केली ती.

तर आपल्याकडं पोरांना काय देता येईल? गच्चीवर एक लांब पाईप, त्याच्यावर कपाचं वेगमापक, आणि सकाळ, दुपार, शाळा सुटताना अशी रोजची नोंद. वहीत. बोफोर्टचा तक्ता, म्हणजे आजूबाजूच्या खुणांवरनं वाऱ्याचा वेग ओळखायचा तक्ता, भिंतीवर लावा, पानं आणि बारीक काड्या सारख्या हलायला लागल्या की साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर, धूळ आणि कागद उडायला लागले की त्याच्या वर, पाचवीच्या पोराला पण जमतंय. नववी-दहावीला अजून मजा. दोन दिवस ३-३ मीटर वारा असला तर घनाची बेरीज ५४, आणि एक दिवस शून्य, एक दिवस ६ असला तर २१६! सरासरी दोन्हीकडं ३ च, पण वीज चौपट. फळ्यावर शिकवून हे डोक्यात शिरत नाही, स्वतःच्या आकड्यात दिसलं की शिरतं. पीव्हीसी पाईप कापून पाती करा, भंगारातल्या प्रिंटरची मोटर लावा, एलईडी पेटतो. वायर आणि चुंबकं मी देतो, दुकान लांब नाही.

बिल वाचवायचं असेल तर मात्र पवनचक्कीचं नाव काढू नका, सोलर घ्या. आपल्या उन्हात १ किलोवॉटचं पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं, शाळा भरते ती पण दिवसाच, फिरणारा पार्ट एक पण नाही, ग्रीस नको. नेट मीटर, म्हणजे जादा झालेली वीज लाईनला देऊन बिलात वळती करणारा मीटर, असला की मे महिन्याच्या सुट्टीत पण युनिट वाया जात नाहीत. आमच्या देणगीदारांना दिसणारंच पाहिजे असेल तर गेटजवळ आज किती युनिट झाले ते दाखवणारा बोर्ड लावा, त्यांचं नाव मोठं टाका.

आमची पुढची मीटिंग दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तोपर्यंत आपल्या पेपरच्या वाचकांपैकी कुणाच्या शाळेत किंवा कॉलेजात छोटी पवनचक्की बसवलेली असेल, तर ती चालू आहे की बंद, आणि वर्षाला मीटरवर खरे किती युनिट पडले एवढं ह्याच सदरात कळवावं, आकडा लहान असला तरी चालेल.

आपला,
एक पालक, अशोक चौक, सोलापूर